एआय एजंटसाठीच्या बजेट रिझर्व्हेशन टूलचं डॉक्युमेंटेशन: कोणत्या क्रमाने लिहायचं आणि कुठे चुकतं

बजेट रिझर्व्हेशनचं टूल बनवणारे बरेच जण कोड नीट लिहितात आणि डॉक्युमेंटेशन शेवटच्या दिवशी उरकतात. मग प्रॉडक्शनमध्ये असं दिसतं की एजंटने (म्हणजे स्वतःहून टूल वापरून काम करणाऱ्या एआयने) पैसे अडकवले, काम झालं किंवा फसलं, पण अडकवलेले पैसे कुणी मोकळेच केले नाहीत, आणि दुपारपर्यंत बाकीचे एजंट "बजेट संपलं" म्हणून थांबलेत, खरा खर्च मात्र निम्मासुद्धा झालेला नाही. कोड उघडून बघितला तर तो बरोबर असतो. एजंटला काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

माणूस डेव्हलपर रीडमी वाचतो, अडला तर ग्रुपवर विचारतो, अगदीच नाही जमलं तर सोर्स उघडतो. एजंटसमोर टूलचं नाव, डिस्क्रिप्शन, पॅरामीटर आणि टूलने परत पाठवलेलं उत्तर, बास. प्रत्येक उत्तरानंतर पुढे काय करायचं हे तिथेच लिहिलेलं नसेल तर तो अंदाज बांधून पुढे जातो.

टूल कसलं ते एकदा स्पष्ट करू. आयपीओला अर्ज केला की बँकेत पैसे ब्लॉक होतात, शेअर लागले तर कापले जातात, नाही लागले तर मोकळे होतात, तसंच हे. एजंट महागडा मॉडेल कॉल करण्याआधी अंदाजे रक्कम "रिझर्व्ह" करतो, कॉल झाल्यावर खरी रक्कम "कमिट" करतो, कॉल झालाच नाही तर "रिलीज" करतो. शिवाय एक "बॅलन्स", फक्त बघण्यासाठी. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती रोमनच असणार.)

सुरू करण्याआधी: हे ठरलेलं हवं

लिहायला बसण्याआधी खालच्या प्रश्नांची उत्तरं टीमकडून घ्या. उत्तर नसेल तर ते डॉक्युमेंटेशनचं काम नाही, डिझाइन अर्धवट आहे, तिथेच थांबा.

- रक्कम कशात मोजायची, रुपये, डॉलर, टोकन (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे मोजतं ते) की अजून काही?
- रिझर्व्हेशन किती वेळ टिकतं, आणि मुदत संपल्यावर पैसे आपोआप मोकळे होतात का?
- खरा खर्च रिझर्व्हपेक्षा जास्त निघाला तर?
- बजेट कुणाचं, एका रनचं (एजंटच्या एका फेरीचं), एका युजरचं की सगळ्या टीमचं? सब-एजंट त्यांना कामाला लावणाऱ्या मूळ एजंटच्या बजेटमधून खातात का?
- रोजचं बजेट असेल तर दिवस कधी बदलतो?

शेवटच्या प्रश्नाकडे फार कुणी बघत नाही. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालत असेल तर आपल्याकडे बजेट रात्री बाराला नाही, पहाटे साडेपाचला नवं होतं. रात्रीची बॅच लावणाऱ्याला हे माहीत नसेल तर बाराला सुरू केलेला जॉब कालच्याच उरलेल्या चिल्लरवर चालतो आणि मध्येच अडकतो.

यासोबत एक सँडबॉक्स बजेट हाताशी ठेवा, ज्यात खोटे पैसे आहेत पण लेजर, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, खरा लिहिला जातो. आठव्या टप्प्यात लागेल.

टप्पा १: आधी हिशोब लिहा

टूलची नावं, पॅरामीटर वगैरे सगळं नंतर. पहिल्यांदा एक ओळ:

उपलब्ध = मर्यादा − झालेला खर्च − अडकवलेली रक्कम

आणि लगेच खाली आकड्यांचं उदाहरण. समजा मर्यादा ५ डॉलर, खर्च ३.२० झालाय, इतर एजंटनी १.५० अडकवलेत. उपलब्ध उरले ०.३०. एजंटने ०.४० मागितले तर नकार येणार, जरी खर्च वजा केल्यावर १.८० शिल्लक दिसत असले तरी.

चूक इथेच होते. कितीतरी टूलच्या "बॅलन्स"मध्ये एकच आकडा येतो आणि तो १.८० की ०.३० हे कुठेच लिहिलेलं नसतं. सूत्रातले सगळे आकडे वेगवेगळे द्या आणि प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात लिहा.

सावध: "बॅलन्स" म्हणजे वचन नव्हे हे स्पष्ट लिहा. दोन एजंटनी एकाच वेळी ०.३० बघितले आणि दोघांनीही ०.२० मागितले तर एकालाच मिळणार. आधी बॅलन्स बघून मग कॉल करायचा अशी सवय एजंटला लागली की रिझर्व्हेशनचा उपयोगच संपला, म्हणून "पैसे आहेत का हे तपासायला बॅलन्स वापरू नका, थेट रिझर्व्ह करा, नकार आला तर नकारातच उपलब्ध रक्कम मिळेल" असं सरळ लिहा.

टप्पा २: रिझर्व्हेशनच्या अवस्था

चार अवस्था पुरतात: चालू, कमिट झालेलं, रिलीज झालेलं, मुदत संपलेलं. प्रत्येक अवस्थेत कोणती क्रिया चालते आणि कोणती नाही याचा छोटा तक्ता करा, आणि तो करताना रिकामे चौकोन सोडू नका. कमिट झालेल्यावर परत कमिट आलं तर? रिलीज झालेल्यावर रिलीज? माझं मत विचाराल तर दुसऱ्यांदा आलेली तीच क्रिया शांतपणे "आधीच झालंय" असं उत्तर देऊन सोडून द्यावी, कारण एरर दिली की एजंट ती दुरुस्त करायला निघतो आणि कधीकधी त्या नादात नवीनच रिझर्व्हेशन करून बसतो.

सगळ्यात अवघड चौकोन: मुदत संपली, पैसे मोकळे झाले, पण मॉडेल कॉल अजून चालूच होता, आणि आता कमिट आलं. बरेच जण इथे कमिट नाकारतात. नाकारू नका. पैसे खर्च झालेत, आपण नोंद घेतली नाही म्हणून प्रोव्हायडरचं (मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीचं) बिल कमी होत नाही, फक्त आपला लेजर खोटा होतो. कमिट घ्या, उपलब्ध रक्कम उणे गेली तरी चालेल, पुढचं रिझर्व्ह आपोआप नाकारलं जाईल. रिझर्व्हपेक्षा खर्च जास्त निघाला तरी हेच धोरण. तुमच्या टूलचं धोरण वेगळं असेल तर असू दे, पण जे आहे ते शब्दात लिहा.

तपासा: तक्ता बघून टीममधल्या कुणालाही "अमुक अवस्थेत तमुक आलं तर काय" असं विचारलं तर न अडखळता उत्तर मिळतंय ना?

टप्पा ३: एकक आणि वेळ

रक्कम पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवली तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, आणि मग "उपलब्ध ०.३, मागितले ०.३, नकार" असला चमत्कार दिसतो. पण सेंट किंवा पैसे हे एककही पुरत नाही. समजा इनपुटचा दर १० लाख टोकनला ३ डॉलर आहे, म्हणजे एका टोकनला ३ मायक्रोडॉलर (मायक्रोडॉलर म्हणजे डॉलरचा दहा लाखावा भाग), सेंटमध्ये हे शून्यच दिसणार. म्हणून मायक्रोडॉलर घ्या आणि ते पॅरामीटरच्या नावातच घाला. नुसतं "अमाउंट" नाव ठेवलं आणि एकक डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं तर एजंट कधीतरी ५ डॉलरच्या जागी ५ मायक्रोडॉलर पाठवणार, हे धरून चला.

वेळेचं सोपं आहे. मुदत सेकंदात घ्या, उत्तरात संपण्याची वेळ यूटीसीमध्ये द्या, आणि सोबत "उरलेले सेकंद" पण द्या, कारण आत्ता किती वाजलेत हे मॉडेलला स्वतःहून कळत नाही.

टप्पा ४: अंदाज कसा काढायचा ते सांगा

हा भाग डॉक्युमेंटेशनमधून सर्रास गायब असतो. "अंदाजे रक्कम रिझर्व्ह करा" एवढंच लिहिलेलं, पण अंदाज आणायचा कुठून?

सूत्र द्या: इनपुट टोकन गुणिले इनपुट दर, अधिक आउटपुटची कमाल मर्यादा गुणिले आउटपुट दर. उदाहरणासाठी धरू की इनपुट १२,००० टोकन, आउटपुट जास्तीत जास्त २,०००, दर १० लाखांना अनुक्रमे ३ आणि १५ डॉलर. इनपुटचे ३६,००० आणि आउटपुटचे ३०,०००, एकूण ६६,००० मायक्रोडॉलर रिझर्व्ह करायचे. प्रत्यक्षात उत्तर ७०० टोकनचं आलं, म्हणजे १०,५००. तर ४६,५०० कमिट होतात आणि १९,५०० मोकळे होतात. कमिटनंतर उरलेले आपोआप मोकळे होत असतील तर ते ठळक लिहा, नाहीतर एजंट कमिटही करतो आणि मग रिलीजही करतो.

सावध: इंग्रजीत साधारण चार अक्षरांना एक टोकन हा ठोकताळा अनेक जण डॉक्युमेंटेशनमध्ये तसाच चिकटवतात. मराठी मजकुराला तो लागू नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं आणि बऱ्याच टोकनायझरमध्ये (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तोच आशय इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, किती जास्त ते मॉडेलवर अवलंबून. तेव्हा "अक्षरं मोजून अंदाज काढू नका, त्या मॉडेलच्या टोकन मोजणीचा आकडा वापरा" असं लिहा. मराठी कस्टमर सपोर्टचा बॉट चालवणाऱ्याला ही एक ओळ पुष्कळ वाचवेल.

टप्पा ५: टूलचं डिस्क्रिप्शन

आता कुठे डिस्क्रिप्शनवर या. लोक इथूनच सुरुवात करतात, आणि मग वरचं काहीच ठरलेलं नसल्यामुळे असं काहीतरी लिहिलं जातं:

"दिलेल्या रकमेसाठी बजेट रिझर्व्हेशन तयार करतं."

चूक काहीच नाही यात. पण कधी वापरायचं, नंतर काय करायचं, नकार आला तर काय, यातलं काहीच एजंटला कळत नाही. हेच असं लिहा:

"पैसे लागणाऱ्या प्रत्येक मॉडेल कॉलच्या आधी वापरा. रक्कम मायक्रोडॉलरमध्ये, पूर्णांक. यश आल्यास रिझर्व्हेशनचा आयडी मिळतो. कॉल झाल्यावर तोच आयडी देऊन कमिट करा, कॉल केलाच नाही तर रिलीज करा. ६०० सेकंदांत यातलं काही झालं नाही तर रक्कम मोकळी होते. नकार आल्यास मॉडेल कॉल करू नका."

सहाच वाक्यं, पण एजंटला लागणारं सगळं त्यात आलं. यापेक्षा फार लांबवू नका, कारण टूलची डिस्क्रिप्शनं साधारणपणे प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि त्याचेही टोकन मोजले जातात. बजेट वाचवणाऱ्या टूलचं डिस्क्रिप्शनच तीन पानी असलं तर कसं व्हायचं!

टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवरून (एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाण पद्धतीने) देत असाल तर "बॅलन्स"ला फक्त-वाचन असल्याचा हिंट लावा, बाकीच्यांना नको. हे हिंट म्हणजे नुसती सूचना असते, त्यांच्यावर सुरक्षा सोडू नका. तसंच मर्यादा वाढवण्याचं टूल एजंटला देऊच नका. मर्यादा माणूस वाढवतो, हे डिस्क्रिप्शनमध्ये आलं नाही तर एजंट कुठल्यातरी दुसऱ्या एपीआयमधून वाट शोधायला लागतो.

टप्पा ६: पॅरामीटर, आणि खास करून आयडेम्पोटन्सी की

बाकीचे पॅरामीटर सरळ आहेत: प्रकार, सक्तीचा की ऐच्छिक, किमान, कमाल, एक उदाहरण. मर्यादित पर्याय असतील तर स्कीमातच (पॅरामीटरच्या औपचारिक व्याख्येतच) यादी द्या, वाक्यात लिहून भागत नाही.

आयडेम्पोटन्सी कीवर मात्र वेळ द्या. नेटवर्क तुटलं, रिझर्व्हचं उत्तर आलं नाही, एजंटने परत पाठवलं, तर दोनदा पैसे अडकू नयेत म्हणून ही की. डॉक्युमेंटेशनमध्ये "युनिक स्ट्रिंग द्या" एवढंच असतं आणि त्याचा अर्थ एजंट असा घेतो की दर वेळी नवीन द्यायची, म्हणजे कीचा हेतूच गेला. तीन गोष्टी लिहा.

पहिली, की कशी बनवायची. टास्कचा आयडी, पायरीचा क्रमांक आणि प्रयत्नाचा क्रमांक जोडून बनवा असं सांगा. मॉडेलला रँडम स्ट्रिंग बनवायला सांगितलं तर ते "एबीसी१२३"च्या जातीचं काहीतरी देतं आणि दोन एजंटची की एकच निघू शकते. जमलं तर की एजंटकडून घेऊच नका, एजंट चालवणाऱ्या कोडनेच बनवावी.

दुसरी, तीच की आणि तीच रक्कम आली तर जुनंच रिझर्व्हेशन परत मिळेल, तीच की आणि वेगळी रक्कम आली तर एरर.

तिसरी, आणि यावरच सगळ्यात जास्त गोंधळ: रिझर्व्हचं उत्तर हरवलं असेल तर तीच की, पण मॉडेल कॉलच दुसऱ्यांदा करायचा असेल तर प्रयत्नाचा क्रमांक वाढवून नवी की आणि नवं रिझर्व्हेशन, कारण दुसऱ्या कॉलचे पैसे वेगळे लागणार आहेत. ही दोन्ही उदाहरणं शेजारीशेजारी द्या.

टप्पा ७: एररचं प्रत्येक वाक्य

बजेटच्या टूलमध्ये खरं डॉक्युमेंटेशन एररमध्ये असतं, कारण एजंट ते नेमक्या गरजेच्या क्षणी वाचतो. "एरर ४०२, अपुरं बजेट" हे वाचून तो काय करणार? परत तेच पाठवणार. प्रत्येक एररमध्ये तीन गोष्टी हव्यात: काय झालं, परत प्रयत्न करायचा की नाही, आणि पुढे नेमकं काय.

"रिझर्व्हेशन झालं नाही. मागितले ४,००,०००, उपलब्ध ३,००,००० मायक्रोडॉलर. हीच मागणी पुन्हा पाठवू नका. मॉडेल कॉलचा इनपुट किंवा आउटपुट मर्यादा कमी करा, नव्याने अंदाज काढा आणि मग रिझर्व्ह करा. कॉल लहान करता येत नसेल तर थांबा आणि वापरकर्त्याला कळवा."

यातलं "इनपुट किंवा आउटपुट मर्यादा कमी करा" महत्त्वाचं आहे. नुसतं "कमी रक्कम मागा" लिहिलं तर एजंट अगदी आज्ञाधारकपणे ३,००,००० मागतो, मंजूर होतात, आणि मग जुनाच ४,००,००० चा कॉल करून मोकळा होतो.

टाइमआउटची केस वेगळी लिहा. मॉडेल कॉलला उत्तर आलं नाही म्हणजे खर्च झाला नाही असं नाही, प्रोव्हायडरने काम करून पैसे लावलेले असू शकतात. इथे रिलीज केलं तर लेजर कमी दाखवणार. "झालं की नाही माहीत नाही" अशी अवस्था टूलमध्ये असेल तर ती वापरायला सांगा, नसेल तर पूर्ण रिझर्व्ह रक्कम कमिट करायला सांगा आणि नंतर प्रोव्हायडरच्या वापराच्या अहवालाशी ताळा घ्या.

सावध: मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये या एरर टूलच्या निकालातच, एररचा झेंडा लावून परत द्या. प्रोटोकॉल पातळीवरची एरर दिली तर ती मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही, आणि मग इतकं मन लावून लिहिलेलं वाक्य लॉगमध्ये पडून राहतं.

टप्पा ८: नव्या एजंटवर चालवून बघा

टीममधल्या माणसाला वाचायला देऊन उपयोग नाही, त्याला टूल आधीच माहीत असतं. कोरा एजंट घ्या, त्याला फक्त टूलची डिस्क्रिप्शनं द्या, सँडबॉक्स बजेट द्या आणि हे प्रसंग चालवा: सगळं सुरळीत, मॉडेल कॉल फसला, रिझर्व्हचं उत्तर हरवलं, बजेट अपुरं, मुदत मध्येच संपली, दोन एजंट एकदम. प्रत्येक प्रसंग अनेकदा चालवा, एजंट दर वेळी सारखा वागत नाही.

तपासायचं ते लेजरमध्ये, एजंटच्या शब्दावर नाही. "मी रिझर्व्हेशन रिलीज केलं आहे" असं तो छान वाक्यात सांगतो आणि लेजरमध्ये ते चालूच असतं, हे बघितल्याशिवाय पटत नाही. शेवटी चालू अवस्थेत एकही रिझर्व्हेशन राहिलेलं नको आणि कमिटची बेरीज खऱ्या वापराशी जुळायला हवी.

कुठे फसलं तर एका वेळी एकच वाक्य बदला आणि परत चालवा. चार वाक्यं एकदम बदलली तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी कुणीतरी नेमकं कामाचं वाक्य "जादा आहे" म्हणून उडवतं.

आणि हे सगळं करूनही एखादा एजंट रिझर्व्ह न करताच कॉल करेल. ते डॉक्युमेंटेशनने थांबत नाही, मॉडेल कॉल ज्या गेटवेतून जातो तिथेच रिझर्व्हेशनचा आयडी मागा.

टप्पा ९: माणसांसाठी रीडमी, आणि बदल

रीडमी आता लिहा, जवळजवळ फुकट होईल. हिशोब, अवस्थांचा तक्ता, ६६,००० वालं उदाहरण उचला, वर इन्स्टॉल कसं करायचं आणि मर्यादा कोण बदलू शकतं ते घाला. मुदतीसारखे आकडे दोन जागी हाताने लिहू नका, कॉन्फिगवरूनच दोन्हीकडे उमटू द्या.

बदल करताना लक्षात ठेवा की स्कीमा तोच असला तरी वागणूक बदलली तर एजंटच्या दृष्टीने टूल बदललं. मुदत ६०० वरून १२० सेकंद केली तर एकही पॅरामीटर बदलत नाही, पण लांब चालणारे कॉल संपायच्या आत पैसे मोकळे व्हायला लागतात. असा बदल चेंजलॉगमध्ये सगळ्यात वर टाका. आणि चालू असलेले रन जुनं डिस्क्रिप्शन घेऊनच बसलेले असतात, त्यामुळे ते संपेपर्यंत जुन्या रिझर्व्हेशनना जुनीच मुदत लागू ठेवा, नवी मुदत फक्त नंतर सुरू झालेल्या रनना द्या.